वेस्टर्नचा मुलूख कोणता?

गझल अरबी कसीद्यातून वेगळी झाली, फारसीत वाढली, उर्दूत तिने घर केले आणि माधव जूलियन, सुरेश भट यांच्या हातून मराठीतही रुळली. या सगळ्या प्रवासात, बाई गं, तुझे मूळचे वाळवंट कुठे राहिले, असे तिला कोणी विचारले नाही. तिच्या नावात देश नाही आणि दिशाही नाही. ‘वेस्टर्न’ या कथाप्रकाराचे तसे नाही. त्याच्या नावातच दिशा आहे. पश्चिम म्हणजे अमेरिकेची पश्चिम, मिसिसिपी नदीपलीकडचा मुलूख. काळही जवळजवळ ठरलेला. १८६५ साली यादवी युद्ध संपले तेव्हापासून साधारण १८९० पर्यंतचा, म्हणजे अवघ्या पंचवीस वर्षांचा. एवढ्याशा काळावर आणि या एका मुलखावर शंभर वर्षांहून अधिक काळ कादंबऱ्या आणि चित्रपट निघत आले आहेत.

तेव्हा प्रश्न असा, की तो मुलूख काढून घेतला तर वेस्टर्न शिल्लक राहतो का? वरवर पाहता हा चित्रपटशौकिनांच्या गप्पांचा विषय वाटेल. आम्हांला तो तेवढाच वाटत नाही. ही कथा जपानी कथेशी देवाणघेवाण करून आली, इटलीत गेली, रशियात गेली, ‘शोले’ होऊन आपल्याकडेही आली. जिथे गेली तिथे दोन सवाल सोबत घेऊन गेली. जमीन कोणाची? आणि कायदा कोणाचा? हे सवाल ज्यांना कधी ना कधी झेलावे लागले आहेत, त्या वाचकांनी या प्रकाराकडे थोडे निरखून पाहणे गरजेचे आहे.

प्रथम नकाशाचा दावा तपासू. वेस्टर्न म्हणजे घोडा, रुंद कडांची हॅट, कमरेला रिव्हॉल्वर, दारूचा गुत्ता आणि मागे अमेरिकेचे वाळवंट, अशी सर्वसामान्य समजूत आहे. ओवेन विस्टरची ‘द व्हर्जिनियन’ ही कादंबरी १९०२ साली आली, तिच्यापासून हे चित्र पक्के होत गेले. पण लगेच पुढच्या वर्षी, १९०३ साली, एडविन पोर्टरचा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा लघुपट आला. आरंभीच्या वेस्टर्नपटांत त्याचे नाव आवर्जून घेतले जाते. त्याचे बरेचसे चित्रण झाले न्यू जर्सीत, म्हणजे थेट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर! जॉन फोर्डच्या ‘द सर्चर्स’ (१९५६) ची कथा टेक्सासमधली, पण त्यातले लाल खडकांचे सुळके अॅरिझोना आणि युटाच्या सीमेवरच्या मॉन्युमेंट व्हॅलीतले. ती भूमी नवाहो लोकांची. नवाहो माणसे त्या चित्रपटात कोमांची जमातीची म्हणून उभी केली आहेत आणि कोमांचींच्या सरदाराचे काम जर्मनीत जन्मलेल्या एका गोऱ्या नटाने केले आहे. अस्सल अमेरिकी म्हटल्या जाणाऱ्या वेस्टर्नची ही कथा, मग परक्यांचे काय सांगावे? इटलीच्या सर्जिओ लिओनेने क्लिंट ईस्टवूडला नायक करून ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) काढला तो स्पेनच्या उन्हात. जर्मन लेखक कार्ल माय याने ‘विनेटू’ नावाच्या अपाची सरदाराच्या कथा १८९३ पासून पुस्तकरूपाने आणल्या. तो अमेरिकेला गेला १९०८ साली, आणि तेव्हाही पश्चिमेच्या त्या मुलखापर्यंत पोहोचला नाही. अलीकडे २०२१ साली आलेल्या ‘द पॉवर ऑफ द डॉग’ मधले मोंटाना हे न्यूझीलंडचे डोंगर आहेत.

मतलब असा, की कॅमेरा कुठे उभा होता यावरून वेस्टर्न ठरत नाही. मग कथानकावरून ठरतो का? एकटा बंदूकबाज गावात येतो, दुबळ्यांचे रक्षण करतो, निघून जातो. एवढेच लक्षण धरले तर कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराय’ (१९५४) वेस्टर्न म्हणावा लागेल आणि कितीतरी लोककथाही. व्याख्या इतकी सैल झाली की तिचा उपयोग राहत नाही.

येथे भाषेच्या शिक्षकाला सुचणारा एक दाखला उपयोगी पडेल. अर्ज, फिर्याद, वकील, जमीन, कायदा हे शब्द मराठीत अरबी-फारसीतून आले. म्हणून मराठी फारसी झाली नाही. उर्दूने तर फारसीतून नामे पोत्यांनी आणली. पण आना, जाना, खाना, पीना ही तिची क्रियापदे इथल्या मातीतलीच राहिली आणि भाषाशास्त्रज्ञ तिला याच मातीतल्या भाषांत बसवतात. भाषेचे कूळ शब्दसंग्रहावरून ठरत नाही, व्याकरणावरून ठरते. रिक आल्टमन या अमेरिकी अभ्यासकाने १९८४ साली चित्रपटांच्या प्रकारांविषयी असाच विचार मांडला. प्रकाराचे शब्द वेगळे आणि त्या शब्दांची मांडणी वेगळी, आणि दोन्ही पाहावे लागतात. घोडा, हॅट, रिव्हॉल्वर, वाळवंट हे वेस्टर्नचे शब्द. त्याचे व्याकरण कोणते?

आमच्या मते ते तीन गोष्टींचे आहे. पहिली : कायदा वाटेवर आहे, पण अजून पोहोचलेला नाही. दुसरी : बंदूक चालवू शकणारा माणूस आज हवा आहे आणि उद्या नकोसा होणार आहे. तिसरी : एक जमीन आहे, तिला येणारे लोक ‘रिकामी’ म्हणतात, आणि ती रिकामी नसते.

या तिन्ही गोष्टी लेखकांनी हवेतून आणलेल्या नाहीत. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे जमीन कसणाऱ्या वसाहतकऱ्याला १६० एकर मिळू लागले. १८६९ साली रेल्वेने अमेरिकेचे दोन्ही किनारे जोडले. १८७४ साली जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचे पेटंट घेतले आणि मोकळ्या चराऊ रानाला कुंपणे पडू लागली. सातबारा, रेल्वे आणि कुंपण आले की मागोमाग कोर्ट येते. कोर्ट आले की बंदूकबाजाने कुठे जायचे? ‘शेन’ (१९५३) चा नायक शेतकऱ्यांना वाचवून डोंगराकडे निघून जातो तो काही वैराग्य आले म्हणून नव्हे. त्याने ज्या गावाला जगवले त्या गावात आता त्याच्यासारख्याला जागा उरलेली नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी बोलली जाणारी. १८९० च्या जनगणनेनंतर अमेरिकी सरकारने जाहीर केले, की वस्ती आणि मोकळा मुलूख यांच्यामध्ये आता सलग अशी सीमारेषा उरलेली नाही. १८९३ साली फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने शिकागोत निबंध वाचून सांगितले, की अमेरिकी माणूस घडला तो याच सरकत्या सीमेवर. पण त्याच १८९० सालच्या २९ डिसेंबरला वूंडेड नी येथे अमेरिकी सैन्याने लाकोटा जमातीच्या शेकडो माणसांना, बायकामुलांसह, ठार मारले. एकाच सालातल्या या दोन नोंदी. एक सांगते की जमीन भरली. दुसरी सांगते की ती भरलेलीच होती, आधी तिला रिकामी करावी लागली. वेस्टर्नचे सारे सौंदर्य आणि सारा अपराध या दोन नोंदींच्या मध्ये आहे.

आता या मोजपट्टीने स्थळाचा प्रश्न पाहू. ‘आउटलँड’ (१९८१) या चित्रपटात ‘हाय नून’ ची कथा गुरूच्या आयो या उपग्रहावरील खाणीत नेली आहे. शॉन कॉनरी तिथला मार्शल. मारेकरी रेल्वेऐवजी अंतराळयानाने येणार, तो वाट पाहतो, मदतीला कोणी येत नाही. कायदा दूर आहे आणि एकटा माणूसही आहे. पण आयोवर आधी कोणी राहत नव्हते. तिथे जमीन खरोखरच रिकामी आहे. त्यामुळे प्रेक्षकाच्या मनाला टोचणी लागत नाही, आणि ती नसल्याने कथा चटपटीत होते पण हलकी राहते. अंतराळात वेस्टर्न नेणाऱ्यांना नकळत ही एक सोय मिळते. उलट इब्ने सफींना इम्रान मालिकेत टोळ्यांचा, आपल्या रिवाजाने चालणारा मुलूख हवा होता, तेव्हा त्यांनी शकराल नावाची भूमी कल्पनेने उभी केली, पण तिथे माणसे आधीपासून वसवली. स्थळ कल्पित असले तरी चालते. ते कोणाचे तरी असावे लागते.

स्थळ बदलले की उत्तर कसे बदलते, याचा सर्वांत चांगला धडा ‘सेव्हन सामुराय’ आणि त्यावरून १९६० साली जॉन स्टर्जेसने काढलेला ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ यांची तुलना केल्याने मिळतो. गोष्ट एकच. दरोडेखोरांना कंटाळलेले शेतकरी सात लढवय्ये भाड्याने आणतात. दोन्हींकडे सातांपैकी एक जण मूळचा शेतकऱ्याचा मुलगा आहे. जपानी चित्रपटात तो किकुचियो. खोटी वंशावळ दाखवून सामुराय म्हणून मिरवतो आणि शेवटी लढाईत मरतो. उरलेल्यांतला तरुण सामुराय गावातल्या मुलीवर जीव लावून बसला आहे, पण भाताची लावणी सुरू होते आणि ती त्याच्याजवळून निघून खाचरात उतरते. सामुराय आणि शेतकरी यांच्यात जन्माची भिंत आहे. अमेरिकी चित्रपटातला शेतकऱ्याचा मुलगा चिको मात्र मरत नाही. तो परत फिरतो, कमरेचा पट्टा सोडतो आणि त्या मुलीजवळ राहून शेतकामाला लागतो. दिग्दर्शकाला गोड शेवट हवा होता एवढेच याचे कारण नाही. सोळाव्या शतकातल्या जपानच्या कथेत माणसाला आपली जात बदलता येत नाही. पश्चिमेच्या कथेत ती बदलता येते, निदान आलेल्या लोकांना तरी. स्थळ हा कथेचा पडदा असता तर शेवट तोच राहिला असता.

अमेरिकेबाहेर हे व्याकरण पुरेपूर उतरले ते सोव्हिएत रशियात. व्लादिमिर मोटिल दिग्दर्शित ‘व्हाइट सन ऑफ द डेझर्ट’ (१९७०) हा चित्रपट तिकडे इतका लाडका आहे, की अंतराळवीर उड्डाणापूर्वी तो पाहण्याचा रिवाज पाळत आले. कथा रशियन यादवी युद्धानंतरच्या काळातली, कास्पियन समुद्राकाठच्या वाळवंटातली. सुखोव्ह हा लाल सेनेचा शिपाई घरी निघाला आहे. वाटेत त्याच्या गळ्यात अब्दुल्ला नावाच्या बंडखोर सरदाराच्या नऊ बायकांच्या रक्षणाची कामगिरी पडते. तिन्ही लक्षणे हजर आहेत. नवा कायदा मॉस्कोहून निघाला आहे पण पोहोचलेला नाही. बंदूकवाला परका आणि एकटा आहे. आणि जमीन, अर्थातच, रिकामी नाही.

या चित्रपटात एक प्रसंग आहे. सुखोव्ह त्या बायकांना रांगेत उभे करून हजेरी घेतो. झरीना, जमीला, सईदा, हफीजा, जोहरा, लैला... रशियन प्रेक्षक या जागी हसतो. उर्दू शाळेत रोज सकाळी हीच नावे पुकारणाऱ्या आमच्यासारख्या मास्तराला हसू येते, पण ते अर्ध्यावर थांबते. चित्रपट दुष्ट मुळीच नाही. सुखोव्ह भला माणूस आहे, वाळूत गळ्यापर्यंत पुरलेल्या सईदला तोच बाहेर काढतो, आणि अब्दुल्लालाही दिग्दर्शकाने रुबाब दिला आहे. पण त्या नऊ जणींना ‘मुक्त’ केल्याची पाटी दारावर लावली जाते तेव्हा मुक्ती म्हणजे काय, हे त्यांना कोणी विचारत नाही. त्यांतल्या धाकट्या गुलचातायला वाटते की नवरा बदलला, एवढेच. पुढे ती बिचारी मारली जाते. अमेरिकी वेस्टर्न पाहताना आम्ही आपोआप घोडेस्वाराच्या मागे बसतो, कारण अपाची आणि कोमांची ही नावे आपल्या ओळखीची नसतात. येथे नावे ओळखीची निघतात आणि कॅमेरा कोणाच्या खांद्यावर आहे ते एकदम दिसते. स्थळ महत्त्वाचे का, या प्रश्नाचे आम्हांला मिळालेले हे सर्वांत स्पष्ट उत्तर आहे. कथा कुठे घडते याइतकेच ती पाहणारा कुठे बसला आहे, हेही स्थळच असते.

आता आपल्याकडे वळू. घोडे, बंदुका, दरोडे यांची हिंदी चित्रपटात कमतरता नाही. म्हणून प्रत्येक डाकूपट वेस्टर्न ठरत नाही. मेहबूब खान यांच्या ‘मदर इंडिया’ (१९५७) मधला बिरजू बंदूक उचलतो ती कायदा आला नाही म्हणून नव्हे. कायदा आलेला आहे आणि तो सुखीलाला सावकाराच्या वहीत बसला आहे. दिलीपकुमार यांच्या ‘गंगा जमुना’ (१९६१) तला गंगाही खोट्या आरोपाने आणि जमीनदाराच्या जुलमाने डोंगरात ढकलला जातो. चंबळमध्ये अशा माणसाला बागी म्हणत आले. बागी व्हायला आधी राज्य असावे लागते. वेस्टर्नचा गुन्हेगार कायद्याच्या आधीचा आहे, आपला बागी कायद्याच्या नंतरचा. शब्द तेच, व्याकरण निराळे.

‘शोले’ चे प्रकरण मात्र गुंतागुंतीचे आहे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी आलेल्या या चित्रपटाने वेस्टर्नचे शब्द तर उचललेच. आरंभीची रेल्वेवरची झुंज मुंबई-पुणे मार्गावर पनवेलजवळ चित्रित झाली आणि रामगढ उभे राहिले कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत. सलीम-जावेद यांनी व्याकरणही बरेच उचलले. गब्बरला बिरजूसारखी फिर्याद नाही, त्याच्यावर कोणी जुलूम केलेला नाही. तो वेस्टर्नच्या खलनायकासारखा मागचापुढचा हिशोब नसलेला माणूस आहे. कायद्याचे काय? ठाकूर माजी पोलीस अधिकारी आहे आणि त्याचे दोन्ही हात तोडलेले आहेत. रामगढला कायदा येऊन गेला आहे आणि जाताना हात गमावून गेला आहे. ही प्रतिमा कोणत्याही अमेरिकी वेस्टर्नच्या तोडीची आहे.

‘हाय नून’ (१९५२) शी त्याची एक तुलना करण्यासारखी आहे. त्यात मार्शल केन चर्चमध्ये जाऊन मदत मागतो. भली माणसे उठून बोलतात, वाद घालतात आणि शेवटी ठरवतात की गावात गोळीबार झाला तर बाहेरून येऊ घातलेला पैसा येणार नाही, तेव्हा मार्शलनेच गाव सोडावे. रामगढमध्ये ही कसोटी इमामसाहेबांच्या अंगणात होते. सचिन यांनी केलेला अहमद नोकरीसाठी जबलपूरला निघालेला असतो. त्याचे प्रेत घोड्यावर परत येते. गावकरी जय-वीरूला गब्बरच्या हवाली करायला निघतात, आणि ज्याचा मुलगा गेला तो आंधळा बाप त्यांना अडवतो, आणि अजान होताच मशिदीकडे चालू लागतो. ए. के. हंगल यांचा हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. हिंदी चित्रपटातले ‘चांगले मुसलमान’ बहुधा मरण्यासाठी किंवा त्यागासाठीच येतात ही तक्रार रास्त आहे, आणि ती इथेही लागू पडते. पण कथेच्या दृष्टीने पाहिले तर हॅडलीव्हिल जिथे नापास होते तिथे रामगढ पास होते, याचे कारण स्थळात आहे. हॅडलीव्हिल हे काल-परवा आलेल्यांचे गाव. तिथला माणूस शेजाऱ्याकडे धंद्याच्या हिशोबाने पाहतो. रामगढमध्ये इमामसाहेब सगळ्यांचे चाचा आहेत. ज्या गावात पिढ्यांची कब्रस्ताने आणि मसणवटे आहेत तिथे ‘गाव सोडून जा’ हा सल्ला देणे सोपे नसते.

मात्र ‘शोले’ ने वेस्टर्नचा एक सवाल घेतला आणि दुसरा सोडून दिला. कायदा कोणाचा, हे त्याने विचारले. जमीन कोणाची, हे विचारले नाही. ठाकूरची शेते कोण कसतो, सावकार कुठे आहे, जात कुठे आहे? ‘मदर इंडिया’ ला पडलेले सवाल रामगढच्या वेशीबाहेर ठेवले गेले. कायद्याच्या सवालाचे उत्तर तरी चित्रपटाला देता आले का? मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार करतो. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली होती. सेन्सॉर मंडळाने हरकत घेतली, शेवट बदलला, ऐनवेळी पोलीस आले. मूळ शेवट असलेली दुरुस्त प्रत इटलीतील बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली ती २०२५ साली, पन्नास वर्षांनी. इन्साफ माणसाने करायचा की सरकारने, हा वेस्टर्नचा मध्यवर्ती सवाल, आणि इथे सरकारने स्वतःच कात्री हातात घेऊन त्याचे उत्तर लिहिले! १९७५ चा भारत हे ‘शोले’ चे खरे स्थळ. रामनगरचे खडक त्यानंतर.

एकूण विचार करता आमचे मत असे पडते. वेस्टर्न ओळखायला अमेरिकेची माती लागत नाही, पण कोणती तरी माती लागतेच, आणि त्या मातीवर आधीपासून कोणी तरी उभे असावे लागते. हे ‘आधीचे’ माणूस ज्या कथेत निव्वळ देखावा होते ती कथा कितीही देखणी असली तरी अर्धीच. मार्टिन स्कॉर्सेसीच्या ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ (२०२३) मध्ये ही बाजू उलटून दाखवली आहे. ओसेज जमात १८७० च्या दशकात ओक्लाहोमातल्या निकृष्ट समजल्या जाणाऱ्या जमिनीवर गेली, त्या जमिनीत तेल निघाले, आणि मग १९२० च्या दशकात त्यांच्याच घरात जावई, मित्र, हितचिंतक बनून आलेल्यांनी त्यांना एकेक करून मारले. येथे दरोडेखोर डोंगरातून येत नाहीत, जेवणाच्या पंगतीला बसतात. कायदा येतो, पण उशिरा येतो. तरीही हा चित्रपट बराचसा मारणाऱ्याच्या नजरेतून सांगितला गेला, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. तो खोटा नाही.

मराठीत उद्या कोणी या वळणाची कथा लिहायला घेतली, धरणाखाली जाणाऱ्या गावाची असो वा रानात नव्याने आखलेल्या हद्दीची, तर त्याने टोपी आणि घोड्याची चिंता करू नये. येणाऱ्याने जमीन पाहून ‘इथे कोणी नाही’ असे म्हटले, की त्याच क्षणी तिथे कोण उभे होते, त्याचे नाव काय होते, हे आधी लिहून ठेवावे. कथा तिथून सुरू करता येईल.